कळमन्यातलं अडतीचं सॉफ्टवेअर: एमव्हीसी, एमव्हीपी की एमव्हीव्हीएम?

कोराडीरोड_डेव्ह

नमस्कार मंडळी. नागपूरच्या कळमना बाजारातल्या संत्रा आणि धान्याच्या अडत्यांसाठी आमचं डेस्कटॉप सॉफ्टवेअर आहे. सी शार्प, विनफॉर्म्स (स्क्रीन बनवायचं मायक्रोसॉफ्टचं जुनं टूलकिट), डॉटनेट फ्रेमवर्क ४.८, मागे एसक्यूएल सर्व्हर एक्सप्रेस. चाळीसेक फॉर्म. दुकानात चार-पाच काउंटर, त्यातल्या एकाला सिरियल पोर्टवर इलेक्ट्रॉनिक काटा, पट्टी (शेतकऱ्याच्या मालाच्या विक्रीचा छापील हिशेब) डॉट मॅट्रिक्स प्रिंटरवर निघते. दोन-तीन दुकानांत अजून विंडोज ७ च्या मशिनी आहेत आणि मालक त्या बदलायला तयार नाहीत.

सगळा हिशेब बटणांच्या क्लिकमध्ये लिहिलेला आहे: अडत, हमाली, तोलाई, बाजार फी, शेतकऱ्याची उचल वजा. तोच हिशेब पट्टीच्या फॉर्ममध्ये, दुरुस्तीच्या फॉर्ममध्ये आणि रिपोर्टमध्ये, असा तीन जागी. तिन्ही जागी थोडाथोडा वेगळा.

आता नवे स्क्रीन डब्ल्यूपीएफमध्ये (मायक्रोसॉफ्टचंच नंतरचं टूलकिट) करावेत असा विचार आहे. प्रोग्रामर आम्ही दोघंच. स्क्रीन आणि कामाचं कोड वेगळं ठेवायच्या पॅटर्नपैकी, म्हणजे एमव्हीसी (मॉडेल-व्ह्यू-कंट्रोलर), एमव्हीपी (मॉडेल-व्ह्यू-प्रेझेंटर), एमव्हीव्हीएम (मॉडेल-व्ह्यू-व्ह्यूमॉडेल) यांतलं काय घ्यावं? की आधी पूर्ण पुनर्लेखन करावं? आंबिया बहाराच्या हंगामात सॉफ्टवेअर एक दिवसही बंद ठेवता येत नाही, हे धरूनच सांगा.

सीताबर्डी_सीशार्प

पुनर्लेखन करू नका. चाळीस फॉर्म दोघांनी नव्यानं लिहायचे आणि जुन्यात रोजच्या दुरुस्त्याही चालू ठेवायच्या, हे दोघांच्या बळावर होत नाही.

विंडोज ७ मुळे एक निर्णय आपोआप झाला. डॉटनेट ८ ला किमान विंडोज १० लागतं. फ्रेमवर्क ४.८ विंडोज ७ च्या सर्व्हिस पॅक १ वर चालतं, ४.८.१ मात्र चालत नाही. म्हणजे त्या मशिनी असेपर्यंत ४.८ वरच राहायचं. तिथे डब्ल्यूपीएफ आहेच, त्यामुळे फारसं काही अडत नाही.

आता पॅटर्न. तिन्हींमध्ये खरा फरक एवढाच की स्क्रीनवरची स्थिती कोणाकडे राहते आणि ती स्क्रीनवर कोण नेऊन ठेवतं. एमव्हीसी १९७९ चं, झेरॉक्स पार्कमध्ये ट्रिग्व्हे रीन्सकाउग यांनी स्मॉलटॉकसाठी मांडलेलं. तेव्हा माउस आणि कीबोर्डचा इनपुट कंट्रोलरनं सांभाळायचा होता. विनफॉर्म्सचा टेक्स्टबॉक्स स्वतःचा इनपुट स्वतःच सांभाळतो, त्यामुळे अस्सल एमव्हीसीतल्या कंट्रोलरला डेस्कटॉपवर काम उरत नाही. वेबवर ते शोभतं, कारण तिथे प्रत्येक विनंती वेगळी येते. तुमच्या यादीतून ते काढून टाका.

उरले दोन, आणि त्यांतली निवड टूलकिटच करून देतं. विनफॉर्म्सचं डेटा बाइंडिंग (स्क्रीनवरचा रकाना आणि कोडमधली किंमत आपोआप जुळती ठेवणं) कामापुरतं आहे. गुंतागुंतीच्या फॉर्मवर ते हट्टीपणा करतं. तिथे एमव्हीपी घ्या, त्यातही पॅसिव्ह व्ह्यू: फॉर्म एक इंटरफेस अमलात आणतो, त्यात साध्या प्रॉपर्टी आणि दोन-चार इव्हेंट, निर्णय सगळे प्रेझेंटर घेतो. डब्ल्यूपीएफचं बाइंडिंग मुळातच भक्कम आहे आणि एमव्हीव्हीएम त्याच्याचसाठी जन्मलं (जॉन गॉसमन, मायक्रोसॉफ्ट, २००५). तेव्हा जुने फॉर्म एमव्हीपी, नवे स्क्रीन एमव्हीव्हीएम. एका सॉफ्टवेअरमध्ये दोन पॅटर्न चालतात का? चालतात, पण एका अटीवर: हिशेब दोघांच्याही बाहेर हवा.

माझ्या मते तुमचं अर्धं काम या अटीतच आहे, पॅटर्नचं नाव नंतर. २०१६ मध्ये राज्यात फळं-भाजीपाल्याची अडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यायचं ठरलं. २०१७ च्या जुलैत जीएसटी आला. २०२५ च्या सप्टेंबरात जीएसटीचे टप्पेच बदलले. असा प्रत्येक बदल तुमच्याकडे तीन जागी करावा लागतो आणि तिसरी जागा हमखास राहून जाते. एमव्हीव्हीएम घेऊन हिशेब व्ह्यूमॉडेलमध्ये टाकलात, तर रोग तोच, फक्त फाइल बदलली.

क्रम असा ठेवा:

१. वेगळा क्लास लायब्ररी प्रोजेक्ट काढा. त्याला ना विनफॉर्म्सचा रेफरन्स, ना डब्ल्यूपीएफचा, ना डेटाबेसचा. डॉटनेट स्टँडर्ड २.० वर ठेवलात तर उद्या नव्या डॉटनेटवरही तसाच चालेल.

२. त्यात पट्टीच्या हिशेबाचा क्लास. आत येणार लॉट, वजन, भाव, दरांचा तक्ता आणि तारीख. बाहेर पडणार ओळीओळीनं तयार पट्टी. तारीख आतून घ्यायची नाही, बाहेरून द्यायची, नाहीतर जुन्या तारखेच्या पट्टीची दुरुस्ती आजच्या दरानं होते. दरांच्या तक्त्यात प्रत्येक दराला ‘लागू तारखेपासून’ हा रकाना हवाच, आणि दर कोणाकडून वसूल करायचा, शेतकरी की खरेदीदार, हाही एक रकाना. कोडमध्ये इफ-एल्स नको.

३. पैसे डेसिमलमध्ये, डबलमध्ये कधीही नाही. आणि राउंडिंग नीट बघा: सी शार्पचं मॅथ राउंड काही न सांगता वापरलं तर अर्ध्यावरचा आकडा जवळच्या सम संख्येकडे नेतं. १२.५ चे १२ होतात आणि १३.५ चे १४. व्यापारी हे मान्य करणार नाही. ‘अवे फ्रॉम झीरो’ स्पष्ट लिहा. शिवाय राउंडिंग ओळीला करायचं की बेरजेला, हे एकाच जागी ठरवा. तुमचे तीन हिशेब वेगळे येतात त्याचं कारण बहुधा इथेच सापडेल.

४. जुन्या पट्ट्या डेटाबेसमधून काढून त्यांच्यावर टेस्ट लिहा. १,२८६ किलो, भाव टनाला ३२,५०० म्हणजे ४१,७९५, त्यातून ही वजावट, ती वजावट, हातात एवढे. अशा पन्नास-साठ पट्ट्या निवडा. साध्या कमी, वाकड्या जास्त: उचल रकमेपेक्षा मोठी, वजन शून्य, एका लॉटला दोन खरेदीदार.

५. मग तिन्ही जागचा जुना हिशेब काढून हा क्लास बोलवा. फॉर्म अजून जसेच्या तसे. इथपर्यंत आलात की हंगामात निर्धास्त सोडता येईल अशी आवृत्ती हातात असते.

एमव्हीपी त्यानंतर, आणि तेही सगळ्या चाळीस फॉर्मना नाही. शेतकरी मास्टर, गाव मास्टर असले फॉर्म आहेत तसेच राहू द्या. पट्टी, दुरुस्ती, खरेदीदाराची वसुली, रोजमेळ यांनाच प्रेझेंटर द्या.

मिहान_वेबवाला

२०२० नंतर डेस्कटॉप कशाला? ब्राउझरमध्ये करा, अपडेटची कटकट संपते.

कोराडीरोड_डेव्ह

@मिहान_वेबवाला विचार केला होता. काटा आणि डॉट मॅट्रिक्स यांपाशी गाडी अडते. शिवाय काउंटरवरची माणसं माउसला हातच लावत नाहीत. एफ२, एफ१०, एंटर यांवरच सगळं चालतं. आणि नेट गेलं तरी लिलाव थांबत नाही.

मिहान_वेबवाला

क्रोममध्ये वेब सिरियल आहे, काटा वाचता येईल. प्रिंटरला कच्चे कमांड पाठवायला मात्र प्रत्येक मशिनीवर एक छोटा स्थानिक प्रोग्राम बसवावा लागेल, आणि एफ-कीपैकी काही ब्राउझर स्वतःकडे ठेवतो. म्हणजे डेस्कटॉप प्रोग्राम शेवटी आलाच. बरं, माघार घेतो. पण मालकाला घरी मोबाइलवर पाहायचे रिपोर्ट तरी वेबवर द्या. हिशेबाचा प्रोजेक्ट वेगळा काढलात तर तोच तिथे लागेल.

संत्रा_बाइंडिंग

सीताबर्डी भाऊनं बरोबर सांगितलं, पण डब्ल्यूपीएफमध्ये उतरून राहिले तर आधी हे वाचून घ्या राजेहो. हे पुस्तकात एका ओळीत असते अन् काउंटरवर आठवडा खाते.

पहिलं. टेक्स्टबॉक्सचं बाइंडिंग मूळ सेटिंगमध्ये फोकस हलल्यावरच व्ह्यूमॉडेलला किंमत देते. तुमचा माणूस शेवटच्या रकान्यात भाव टाकतो अन् तिथूनच एफ१० दाबतो. फोकस हललाच नाही, म्हणून जुना भाव सेव्ह होते. स्क्रीनवर मात्र नवा दिसून राहिला! टूलबारचं बटण माउसनं दाबलं तरी हेच, कारण टूलबारचा फोकस स्कोप वेगळा असते. यावर दोन उपाय. ‘अपडेट सोर्स ट्रिगर’ प्रॉपर्टी-चेंज्ड करा. नाहीतर सेव्हच्या आधी ज्या टेक्स्टबॉक्सवर फोकस आहे त्याचं बाइंडिंग एक्स्प्रेशन काढून त्याचं ‘अपडेट सोर्स’ बोलवा. दुसरा उपाय एका बेस विंडोत एकदाच लिहिता येते, मी तोच घ्या म्हणीन.

कारण पहिल्या उपायाला एक शेपूट आहे. प्रॉपर्टी-चेंज्ड केलं अन् प्रॉपर्टी डेसिमल असली, तर ४.५ पासून पुढच्या आवृत्त्यांत दशांश बिंदू टाइपच होत नाही. ‘४८६.’ लिहिलं की लगेच ‘४८६’ होते. बिंदू गेला कुठं म्हणून माणूस कीबोर्ड आपटते. व्ह्यूमॉडेलमध्ये स्ट्रिंग प्रॉपर्टी ठेवून तिथं पार्स करा, किंवा फ्रेमवर्कच्या कंपॅटिबिलिटी प्रेफरन्समधलं टेक्स्टबॉक्स सिंक्रोनाइझ ठेवायचं सेटिंग प्रोग्राम सुरू होतानाच बंद करा.

दुसरं, तारखा. विंडोजमध्ये भारत निवडलेला असला तरी डब्ल्यूपीएफचं बाइंडिंग मुळात अमेरिकन इंग्रजीच धरते. स्ट्रिंग फॉरमॅटमध्ये ‘डी’ लिहिलं की महिना आधी अन् दिवस मागून येते. ३ डिसेंबरची पट्टी १२ मार्चची वाटते. ॲप सुरू होताना फ्रेमवर्क एलिमेंटच्या लँग्वेज प्रॉपर्टीचा मेटाडेटा सध्याच्या कल्चरनं ओव्हरराइड करा, एकदाच. लाख-कोटीचे स्वल्पविरामही मग जागेवर येतात.

तिसरं, ग्रिड. डेटाग्रिड स्टॅकपॅनेलमध्ये किंवा स्क्रोलव्ह्यूअरमध्ये ठेवला की व्हर्च्युअलायझेशन (फक्त दिसणाऱ्या ओळी बांधणं) गेलं. त्याला अमर्याद उंची मिळते, मग तो सगळ्या ओळी एकदम बांधत बसते. वर्षभराचा रोजमेळ उघडून पाहा, समजून जाईल. ग्रिडच्या ओळीत सरळ ‘ऑटो’ न देता तारांकित उंची द्या.

चौथं, थ्रेड. एखादी साधी प्रॉपर्टी दुसऱ्या थ्रेडवरून बदलली तर डब्ल्यूपीएफ स्वतः निभावून नेते. ऑब्झर्व्हेबल कलेक्शन (ग्रिडला जोडलेली यादी) मात्र दुसऱ्या थ्रेडवरून बदललं की एक्सेप्शन. म्हणून डेटा असिंक आणा, अवेट झाल्यावर यूआय थ्रेडवर (स्क्रीन सांभाळणारा थ्रेड) परत आलं की मगच यादीत टाका. अन् यूआय थ्रेडवर टास्कचं ‘रिझल्ट’ वाचत बसू नका, प्रोग्राम गोठून जाईन.

लायब्ररी म्हणाल तर मायक्रोसॉफ्टचं कम्युनिटी टूलकिट एमव्हीव्हीएम पुरे आहे, ४.८ वरही चालते. त्यातले सोर्स जनरेटर वापरायचे असतील तर प्रोजेक्टमध्ये जुनी पॅकेजेस-कॉन्फिग नको, पॅकेज रेफरन्स पाहिजे, अन् भाषेची आवृत्ती हातानं वाढवा, ४.८ वर ती ७.३ वर अडून राहते. त्याहून मोठं फ्रेमवर्क दोघांच्या टीमनं घेऊ नये. विंडो उघडायला पंधरा ओळींची सेवा लिहिली की काम भागते.

जुन्या विनफॉर्म्समध्ये डब्ल्यूपीएफचा तुकडा बसवायला एलिमेंट होस्ट आहे. पण विनफॉर्म्समधून अख्खी डब्ल्यूपीएफ विंडो ‘शो’नं उघडली तर टेक्स्टबॉक्समध्ये अक्षरं उमटत नाहीत. एलिमेंट होस्टचं ‘इनेबल मोडलेस कीबोर्ड इंटरॉप’ त्या विंडोवर आधी बोलवा. ‘शोडायलॉग’नं उघडली तर हा त्रास नाही.

इतवारी_डेटाबेस

पॅटर्नवर वर पुरेसं झालं आहे. मी काटा आणि डेटाबेस यांच्यापुरतं लिहितो, कारण अशा सॉफ्टवेअरमध्ये पॅटर्न मोडतो तो याच दोन ठिकाणी.

काटा प्रेझेंटरमध्येही नको आणि व्ह्यूमॉडेलमध्येही नको. ‘वजनस्रोत’ असा एक इंटरफेस करा: सुरू कर, थांबव, वजन आलं. एक खरा सिरियल पोर्टवरचा, एक खोटा, जो फाइलमधून वजनं वाचतो. खोट्यामुळे काट्याशिवाय घरी बसून पूर्ण स्क्रीन चालवता येतो.

खऱ्यात तीन गोष्टी सांभाळा. सिरियल पोर्टचा ‘डेटा रिसीव्ह्ड’ इव्हेंट यूआय थ्रेडवर येत नाही. तो अर्धवट ओळ घेऊनही येतो: काट्यानं ‘४८६.५’ पाठवलं तरी एकदा ‘४८’ आणि पुन्हा ‘६.५’ असं मिळू शकतं. ओळ संपल्याची खूण येईपर्यंत बफरमध्ये साठवा, मगच पार्स करा. आणि त्या इव्हेंटमधून ‘इन्व्होक’ करू नका. फॉर्म बंद होताना यूआय थ्रेड पोर्ट बंद व्हायची वाट बघतो, पोर्टचा थ्रेड यूआयची वाट बघतो, दोघेही तसेच बसून राहतात. ‘बिगिन-इन्व्होक’ वापरा. वजन स्थिर झालं हे ठरवायला लागोपाठ तीन-चार सारखी वाचनं आल्याशिवाय ते पट्टीत घेऊ नका. हमालाचा हात पोत्यावर असतानाचं वजन पट्टीत गेलं की भांडण.

वजनस्रोत हा प्रोग्रामभर एकच ऑब्जेक्ट राहील. फॉर्म बंद होताना प्रेझेंटरनं त्याच्या इव्हेंटवरून स्वतःला काढून घेतलं नाही, तर बंद केलेला प्रत्येक फॉर्म मेमरीत राहतो आणि प्रत्येक वजन त्या सगळ्यांकडे जातं. दुपारी प्रोग्राम जड होतो आणि बंद करून चालू केला की बरा होतो, अशी तक्रार असेल तर आधी इथे बघा.

डेटाबेस. एंटिटी फ्रेमवर्क (डेटाबेसशी बोलणारी मायक्रोसॉफ्टची लायब्ररी) वापरत असाल तर अख्ख्या प्रोग्रामला एकच डीबी कॉन्टेक्स्ट (तिचा डेटाबेसशी बोलणारा ऑब्जेक्ट) ठेवू नका. तो वाचलेली प्रत्येक ओळ लक्षात ठेवतो, दिवसभरात फुगतो, आणि शेजारच्या काउंटरनं बदललेला भाव तुम्हाला जुनाच दाखवतो. एका कामाला एक कॉन्टेक्स्ट: पट्टी उघडली, वाचली, मिटवला, सेव्ह करताना नवा. दोन काउंटरनी एकच लॉट उघडला तर कोण जिंकलं हे कळायला टेबलमध्ये रोव्हर्जन रकाना (ओळ बदलली की आपोआप बदलणारा) ठेवा, आणि टक्कर झाली की प्रेझेंटरनं ‘हा लॉट दुसऱ्या काउंटरवर बदलला आहे’ असं सांगून ताजी पट्टी दाखवावी. शांतपणे वरून लिहिणं सर्वांत वाईट.

बिल क्रमांक आयडेंटिटी रकान्यातून (ज्यात डेटाबेस स्वतः पुढचा आकडा भरतो) घेत असाल तर आजच बदला. २०१२ च्या आवृत्तीपासून एसक्यूएल सर्व्हर आयडेंटिटीचे आकडे आगाऊ राखून ठेवतो. सर्व्हर अचानक बंद पडला की इंट रकान्यात १,००० ची उडी दिसू शकते. मे महिन्यात आपल्याकडे लाइट किती वेळा जाते ते सांगायला नको. जीएसटीच्या नियमांत बिलाचा क्रमांक सलग आणि १६ अक्षरांच्या आत हवा, ताज्या फळांसारख्या करमुक्त मालाच्या ‘बिल ऑफ सप्लाय’लाही तेच लागू. ‘सर्वांत मोठा अधिक एक’ हाही उपाय नाही, दोन काउंटरना एकच क्रमांक मिळतो. वेगळं टेबल, आर्थिक वर्ष आणि मालिकेनुसार एक ओळ, आणि पट्टी ज्या ट्रान्झॅक्शनमध्ये सेव्ह होते त्याच्यातच ती ओळ अपडेट करून नवा क्रमांक घ्या. ट्रान्झॅक्शन छोटं ठेवा. त्याच्यात प्रिंट किंवा मेसेज बॉक्स आणला तर सगळे काउंटर अडतात.

आणि एक्सप्रेसऐवजी एसक्यूलाइटची फाइल शेअर्ड फोल्डरमध्ये ठेवायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. नेटवर्क ड्राइव्हवर फाइल लॉकिंगचा भरवसा नसतो आणि डब्ल्यूएएल मोड (बदल आधी वेगळ्या फाइलमध्ये लिहायची पद्धत) तर तिथे चालतच नाही. एका मशिनीला एसक्यूलाइट उत्तम, चार काउंटरना नाही. एक्सप्रेसची मर्यादा २०२२ च्या आवृत्तीपर्यंत डेटाबेसमागे १० जीबी आहे. पट्ट्यांच्या मजकुराला ती पुरेशी होते, स्कॅन केलेले फोटो आत टाकले तर नाही.

कोराडीरोड_डेव्ह

खूप उपयोग झाला. दोन शंका. प्रेझेंटरला ‘पट्टी रद्द करायची का?’ असं विचारायचं असेल तर मेसेज बॉक्स कुठून दाखवायचा? आणि व्ह्यूच्या इंटरफेसमध्ये ग्रिड कसा मांडायचा? प्रत्येक सेल प्रॉपर्टी केली तर इंटरफेस शंभर ओळींचा होतो.

सीताबर्डी_सीशार्प

मेसेज बॉक्स व्ह्यूच्या इंटरफेसवरच एक मेथड म्हणून ठेवा: मजकूर द्यायचा, हो-नाही परत. नाव मात्र ‘रद्दची खात्री कर’ असं कामाचं द्या, ‘मेसेज बॉक्स दाखव’ नको. टेस्टमध्ये खोटा व्ह्यू नेहमी ‘नाही’ म्हणेल आणि पट्टी तशीच राहिली का हे तपासता येईल. चार-पाच फॉर्मना हेच लागायला लागलं की वेगळी डायलॉग सेवा काढा, आधी नको.

ग्रिडला सेलनिहाय प्रॉपर्टी देऊ नका. एक ‘पट्टी ओळ’ नावाचा साधा क्लास करा आणि इंटरफेसवर दोनच गोष्टी ठेवा: ओळींची यादी दाखव, आणि अमुक क्रमांकाची ओळ बदलली हा इव्हेंट. फॉर्मच्या आत बाइंडिंग सोर्स वापरायला काहीच हरकत नाही. ग्रिड कसा भरायचा हा फॉर्मचा खासगी मामला आहे. एक नियम पाळा: प्रेझेंटरच्या फाइलमध्ये विनफॉर्म्सची नेमस्पेस दिसता कामा नये. प्रेझेंटर वेगळ्या प्रोजेक्टमध्ये ठेवून तिथून तो रेफरन्सच काढून टाकला की कंपायलरच पहारा देतो.

आणि ग्रिडमध्येही संत्रा भाऊंनी सांगितलेला फोकसचा प्रकार आहे, विनफॉर्म्समध्येसुद्धा. सेल एडिट मोडमध्ये असताना एफ१० दाबलं तर टाइप केलेली किंमत अजून सेलमध्येच असते. सेव्हचा इव्हेंट प्रेझेंटरला द्यायच्या आधी फॉर्मनं ग्रिडचं ‘एंड एडिट’ आणि मग बाइंडिंग सोर्सचं ‘एंड एडिट’ बोलवावं, याच क्रमानं.

संत्रा_बाइंडिंग

अन् एफ१० बद्दल एक राहिलंच. विंडोजमध्ये एफ१० ही मेनूची सिस्टिम की आहे. डब्ल्यूपीएफच्या कीडाउनमध्ये ‘की’ तपासली तर तिथं ‘सिस्टिम’ येते, एफ१० येतच नाही. खरी की ‘सिस्टिम की’ या प्रॉपर्टीत असते. हाताळून झालं की ‘हँडल्ड’ ट्रू करा, नाहीतर सेव्ह झाल्यावर फोकस मेनूत जाऊन बसते अन् पुढची पट्टी टाइपच होत नाही.